आंबोलीच्या जंगलातले लिव्हरवर्ट: ओळख, नमुने आणि पाकिटं

पर्णिका

आंबोली परिसरातल्या (६९० मीटरच्या आसपास, निमसदाहरित जंगल) चार लिव्हरवर्टसारख्या गोष्टींची ओळख हवी आहे (लिव्हरवर्ट म्हणजे मॉसच्या नात्यातल्या, बिनफुलांच्या, ओल्या जागी वाढणाऱ्या छोट्या वनस्पती). सगळ्या सप्टेंबर अखेरच्या.

१. ओढ्याच्या काठी, सतत पाणी ठिबकणाऱ्या जांभ्यावर. गडद हिरव्या पट्ट्या, रुंदी दीड सेंटीमीटर, लांबी आठ-दहा सेंटीमीटर, दोन-दोन फाटे फुटलेल्या. वरून गुळगुळीत, काहीशा पारदर्शक.

२. जांभळीच्या खोडावर, छातीच्या उंचीला, सालीला घट्ट चिकटलेलं लालसर तपकिरी जाळं. पानं अर्ध्या ते एक मिलिमीटरची.

३. रस्त्याखालच्या मोरीच्या आत, भिंतीवर. फिकट पिवळट हिरवं, अतिशय पातळ. तिरक्या उजेडात चमकतं.

४. अंजनीच्या जिवंत पानांवर फिकट हिरवे ठिपके. लेन्समधून पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे पानं असलेली बारीक फांदी.

फोटो ओळखणाऱ्या अॅपने पहिल्याला कोनोसेफॅलम म्हटलं, दुसऱ्याला मॉस, तिसऱ्याला काहीच नाही. चौथ्याला 'पानावरचा रोग'! शिवाय नमुने गोळा कसे करायचे, पावसात वाळवायचे कसे, हेही कुणी सविस्तर लिहील का?

---

कातळमित्र

अॅपचा इथे उपयोग नाही. त्यांच्याकडे युरोप-अमेरिकेतले फोटो जास्त, आणि फोटो नेहमी वरून काढलेला असतो. लिव्हरवर्टची निम्मी ओळख खालच्या बाजूला असते. तेव्हा यापुढे फोटो टाकताना तीन टाका: वरून, पालथा घालून खालून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून.

नावापर्यंत जाण्याआधी समोर आहे ते लिव्हरवर्टच आहे ना, हे ठरवा. आपल्याकडे गोंधळ नेहमीचेच आहेत.

*मॉस.* पानाच्या मधोमध शीर दिसली तर मॉस. लिव्हरवर्टच्या पानाला शीर नसते. फिसिडेन्स हे मॉस दोन रांगांत चपटी पानं लावून बसतं आणि भल्याभल्यांना फसवतं. त्याच्याही पानात शीर स्पष्ट असते. मात्र शीर नसलेली चपटी मॉसंही आहेत, म्हणून नुसतं तेवढं पाहून थांबू नका. पान टोकाशी दुभंगलेलं, किंवा त्याचा एक भाग खाली दुमडलेला असेल तर लिव्हरवर्ट. मॉसचं पान असं दुभंगत नाही. सूक्ष्मदर्शक असेल तर रायझॉइड (मुळांसारखे धरून ठेवणारे तंतू) पाहा: मॉसचे अनेक पेशींचे, तिरप्या पडद्यांचे, लिव्हरवर्टचे एकाच पेशीचे.

*हॉर्नवर्ट* (अँथोसेरॉस, फिओसेरॉस, फोलिओसेरॉस, नोटोथायलस). बांधावर, रस्त्याच्या कापलेल्या मातीवर भरपूर. थॅलस (खोड-पान असे भाग नसलेलं चपटं शरीर) तेलकट गडद हिरवा, मध्यशीर नाही. आत निळसर काळे ठिपके दिसतात, ते नॉस्टॉक (आत राहणारे निळे-हिरवे जिवाणू). शिंग (बीजाणूंचा दांडा) उगवलं असेल तर प्रश्नच मिटतो, फक्त नोटोथायलसची शिंगं आखूड आणि आडवी असतात. शिंग नसेल तर ४०० पटीत एक पेशी बघा. बहुतेक हॉर्नवर्टमध्ये प्रत्येक पेशीत एकच मोठं हरितलवक असतं. लिव्हरवर्टमध्ये पुष्कळ, बारीक.

*नेच्याचा प्रोथॅलस.* नेच्याची बीजाणूतून उगवलेली पहिली अवस्था. हृदयाच्या आकाराचा, एक सेंटीमीटरच्या आतला, कडेला एका पेशीइतका पातळ. दरवर्षी कुणीतरी याचा फोटो 'छोटं लिव्हरवर्ट' म्हणून टाकतं.

*फिल्मी फर्न.* अतिशय पातळ पानांचा नेचा. ओढ्याकाठच्या खडकावर पॅलाव्हिसिनिया या पट्टीसारख्या लिव्हरवर्टसारखं दिसतं. पण त्याच्या शिरा फाटे फुटत पानभर जातात आणि खाली तारेसारखं काळं खोड असतं. पॅलाव्हिसिनियात एकच मध्यशीर, बाकी पट्टी एका पेशीच्या जाडीची.

कॅप्सूल (बीजाणूंची पेटी) मिळाली तर शंकाच नको. लिव्हरवर्टचा देठ पांढरा, पाणीदार, नाजूक. कॅप्सूल पक्व झाल्यावर तो काही तासांत लांबतो आणि एक-दोन दिवसांत गळून पडतो. कॅप्सूल बहुधा चार फाकांत उघडते आणि आत बीजाणूंबरोबर पिळदार इलेटर (बीजाणू उधळणारे तंतू) असतात. मॉसचा देठ ताठ, टिकाऊ, कॅप्सूलला झाकण.

---

सदाहरित

नमुन्यांकडे येतो.

पहिला: ड्युमॉर्टिएरा हिर्सुटा, जवळजवळ नक्की. कोनोसेफॅलमचा थॅलस वरून षट्कोनी चौकटींनी भरलेला असतो आणि प्रत्येक चौकटीत एक छिद्र नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. शिवाय ते हिमालयातलं. तुम्ही गुळगुळीत, पारदर्शक म्हणताय, तीच ड्युमॉर्टिएराची खूण: मार्केन्शियाच्याच गटातलं असूनही याने हवेच्या पोकळ्या आणि छिद्रं सोडून दिलीत. कधी कधी पोकळ्यांच्या भिंतींची पुसट जाळी उरते, ती तिरक्या उजेडात पाहा. थॅलसच्या टोकाशी देठावर उभी राहिलेली मादी चकती (मादी अवयव धरणारी) मिळाली तर तिच्यावर ताठ केस असतात. 'हिर्सुटा' त्यावरूनच. नर चकती जवळजवळ बिनदेठाची, कडेला केस.

मार्केन्शियापासून वेगळं करायला दहा पटीची लेन्स पुरते. मार्केन्शियाला छिद्रं दिसतातच, आणि वर दातेरी काठाचे गोल गेमा कप (नवी रोपं होणाऱ्या बारीक कळ्यांचे पेले) असतात. ड्युमॉर्टिएराला कप नसतात.

दुसरा: फ्रुलानिया. पण प्रजाती सांगणार नाही, कारण खालची बाजू पाहिलेली नाही. लालसर तपकिरी रंग, सालीला चिकटलेलं जाळं, एवढ्यावरून वंश बऱ्यापैकी सुचतो. खात्रीसाठी फांदीचा ५ मिलिमीटरचा तुकडा पाण्यात भिजवून पालथा घाला. प्रत्येक पानाच्या खाली टोपीसारखी फुगीर, अरुंद जोडाने लटकलेली पिशवी (लोब्यूल) दिसली, आणि खोडावर मधे दुभंगलेली खालची पानं (अंडरलीफ) असली, तर फ्रुलानिया. प्रजातीसाठी मला लागतील: लोब्यूलचा आकार आणि तोंडाची दिशा, अंडरलीफची रुंदी खोडाच्या किती पट, पेशींच्या भिंतींची जाडी आणि पेरियांथला (कोवळ्या कॅप्सूलभोवतीच्या पिशवीला) किती कंगोरे.

एक इशारा. फ्रुलानियातल्या सेस्क्विटर्पीन लॅक्टोन रसायनांनी काहींच्या त्वचेला चांगलीच अॅलर्जी येते. युरोपात लाकूडतोड्यांना होणारा तो त्रास जुना आणि नोंदलेला आहे. चिमटा वापरा, हाताने खरवडून डोळे चोळू नका.

तिसरा: सायथोडियम. मोरी, विहिरीची भिंत, गुहेचं तोंड, जुन्या किल्ल्यांची टाकी, अशा अंधाऱ्या ओल्या जागा याच्याच. हे स्वतः प्रकाश देत नाही. आलेला मंद उजेड पेशी परत फेकतात, म्हणून एका विशिष्ट कोनातूनच चमकतं. थॅलस वरच्या आणि खालच्या पातळ थरांचा, मधे हवा. प्रजातीसाठी बीजाणू लागतील आणि थॅलसच्या टोकाशी किंवा खाली कंद आहेत का ते पाहावं लागेल; सायथोडियम ट्युबरोसमला असतात. हे वाळलं की कागदाला चिकटून नुसता हिरवट डाग उरतो. सूक्ष्मदर्शकाचं सगळं काम ताज्यावरच करा.

चौथा: लेज्युनिएसी कुळ. पुढचं लेन्सने होणार नाही. कोलोलेज्युनिया की लेप्टोलेज्युनिया, हे अंडरलीफवर ठरेल. अंडरलीफ अजिबात नाहीत तर कोलोलेज्युनिया. आहेत, दोन अरुंद फाकलेल्या शिंगांचे आहेत, आणि पानात एकेक वेगळ्या रंगाच्या मोठ्या पेशी (ओसेली) आहेत, तर लेप्टोलेज्युनिया.

---

बांधावरची_रिक्सिया

सदाहरित दादा, उत्तम. एक भर. चौथ्यासारखे पानावरचे लिव्हरवर्ट खरवडू नका. अख्खं पान तोडा (एक-दोन पुरेत), वर्तमानपत्रात सैल दाबून वाळवा आणि पानासकट पाकिटात घाला. खरवडलं की अंडरलीफ आणि रायझॉइड पानावरच राहतात, हातात येते ती वरची पोकळ रांग. यजमान झाडाचं नाव त्या पानावरून पुढेही तपासता येतं, तो वेगळा फायदा.

---

पर्णिका

इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं, धन्यवाद! पानांच्या मांडणीवरून 'इनक्युबस' आणि 'सकुबस' असं किल्लीत (पायरी-पायरीने ओळख पटवणाऱ्या कोष्टकात) येतं, तिथे दर वेळी अडकायला होतं. वरची कड म्हणजे नक्की कोणती?

---

कातळमित्र

फांदीचं वाढतं टोक वर धरा आणि पाठीची बाजू (सालीला न चिकटलेली) पाहा. आता कौलारू छप्पर आठवा: वरच्या कौलाची खालची कड खालच्या कौलावर येते. पानं तशी रचलेली असतील तर सकुबस: प्लॅजिओकायला, हेटेरोस्किफस. उलट, खालच्या पानाची वरची कड वरच्या पानावर चढलेली असेल तर इनक्युबस: फ्रुलानिया, लेज्युनिया, रॅड्युला, पोरेला.

दोन सावधगिरी. टोक खाली धरलं तर उत्तर उलटं येतं. आणि पोटाकडून पाहिलं तरी उलटं येतं. किल्लीत पहिल्याच पायरीवर चुकण्याचं कारण बहुतेक वेळा यातलंच एक. पानं विरळ असतील तर मांडणी दिसतच नाही, तेव्हा पानाच्या बुडाची रेषा खोडावर कशी तिरकी बसली आहे ते पाहायचं.

खोडावर सापडणाऱ्या इनक्युबस मंडळींसाठी माझा क्रम असा. अंडरलीफ आहेत का? नाहीत, लोब्यूल चौकोनी चपटा, आणि रायझॉइडचा झुबका थेट लोब्यूलमधूनच निघतो: रॅड्युला. अंडरलीफ आहेत आणि लोब्यूल जिभेसारखा सपाट: पोरेला. लोब्यूल फुगलेला पण पानाला लांब घडीने जोडलेला, झाड फिकट हिरवं: लेज्युनिया आणि तिचा गोतावळा. लोब्यूल जवळजवळ सुटा, टोपीसारखा, रंग तांबूस ते काळसर: फ्रुलानिया. आकाराने पोरेला या सगळ्यांत मोठी.

---

घाटवाट

गोळा करण्याबद्दल. आधी परवानगी, कारण हा भाग लोक शेवटी वाचतात.

राखीव वनातून काहीही उचलायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. आंबोलीसाठी सावंतवाडीच्या उपवनसंरक्षकांचं कार्यालय. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल (राधानगरी, कोयना, चांदोली, भीमाशंकर, गोव्यात मोले आणि नेत्रावळी) तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते. आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराच्या परिसराला शिस्टुरा हिरण्यकेशी या माशामुळे २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. तिथलं काही हलवू नका, फोटो काढा. देवराईत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पानही तोडू नये. बऱ्याच ठिकाणी विचारल्यावरही 'नको' म्हणतात, ते ऐकावं.

किती घ्यायचं: काडेपेटीएवढा तुकडा पुरतो. सगळी वसाहतच तळहाताएवढी असेल तर दोन सेंटीमीटर, आणि उचललेल्या जागेची माती परत दाबून बसवा. वसाहतीच्या दहाव्या भागाहून जास्त घेण्याचं कारण सहसा नसतं. मधून उचलू नका, कडेने घ्या. मधे भोक पडलं की उतारावरचं पाणी तिथून शिरतं आणि बाकीचा गालिचा सुटतो.

हत्यारं थोडी: पातळ पात्याचा चाकू, टोकदार चिमटा, दहा आणि वीस पटीची लेन्स गळ्यात, पेन्सिल, कागदी पाकिटं, पाण्याची छोटी फवारणी. जेल पेन आणू नका, पहिल्याच सरीत लेबल निळं पाणी होतं.

मातीवरचा थॅलस: चाकू २–३ मिलिमीटर खोल आडवा सरकवा, मातीच्या पातळ चकतीसकट उचला. मातीशिवाय ओढलात तर खालचे स्केल (बारीक खवले) तुटतात, आणि प्लॅजिओकॅझ्मा, रिक्सिया, अॅस्टेरेला यांची ओळख स्केलवरच चालते. उलट जाड ढेकूळ उचललं तर वाळताना फुटतं आणि पाकिटात नुसती माती उरते.

जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी बहुतेकांकडे असते. ती नमुन्यांच्या पिशवीपासून लांब ठेवा. खारं पाणी ठिबकलं तर पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसलेल्या पेशी पाहून माणूस नवीन प्रजातीची स्वप्नं बघतो. आणि फांदीवर किंवा कपारीत हात घालण्याआधी बघा. चापडा सापाला या फांद्या तुमच्याइतक्याच आवडतात.

---

आंबेघाटी

खोडावरचं घेताना सालीचा तुकडा काढूच नये, असं माझं मत. जखमेतून झाडाला बुरशी लागते.

---

घाटवाट

पूर्ण साल नाहीच काढायची, हे मान्य. पण फ्रुलानिया आणि लेज्युनिया इतक्या घट्ट बसतात की सालीच्या वरच्या मेलेल्या पापुद्र्याशिवाय त्या निघतच नाहीत. पापुद्रा म्हणजे नखाएवढा, मिलिमीटरभर जाडीचा. खाली हिरवं किंवा ओलं दिसलं तर खोल गेलात. जांभळीसारख्या खवलेदार सालीवर हे सोपं, अंजनीच्या पातळ सालीवर करूच नये.

त्याहून चांगला मार्ग: वादळानंतर खाली पडलेल्या फांद्या. झाडांच्या माथ्यावरचे जे लिव्हरवर्ट जमिनीवरून कधीच दिसत नाहीत ते फुकटात हाताशी येतात. फांदी पडून चार-पाच दिवसांहून जास्त झाले असतील तर मात्र सोडा, सावलीत पडल्या-पडल्या ते पिवळे पडून कुजायला लागतात.

---

आंबेघाटी

हे पटलं.

---

बांधावरची_रिक्सिया

पाकीट करायची पद्धत लिहून ठेवते. ए-फोर कागद उभा धरा. खालची कड १० सेंटीमीटर वर दुमडा. आता डावी-उजवी कड प्रत्येकी साडेतीन सेंटीमीटर मागे दुमडा. उरलेला वरचा भाग पुढे खाली आणून झाकण करा. १४ बाय १० सेंटीमीटरचं पाकीट होतं. गोंद, स्टेपल, सेलोटेप काहीही नको. स्टेपल पावसाळ्यात गंजते आणि नमुन्यावर तपकिरी डाग पडतात. लेबल झाकणावर. फार ओला नमुना आधी टिपकागदात हलकेच दाबा, मग पाकिटात.

एका पाकिटात एकच वसाहत. दोन लिव्हरवर्ट एकमेकांत गुंतलेले असतील तर तसेच राहू द्या आणि लेबलवर 'मिश्र' लिहा. जंगलात बसून वेगळे करू नका.

लेबल असं:

क्र. २७ / आंबोली, सावंतवाडी तालुका, सिंधुदुर्ग / १५.९६ उ., ७४.०० पू. / ६९० मी. / ओढ्याचा उजवा काठ, जांभा खडक, उत्तरेकडे तोंड, सतत ठिबक / दाट सावली / सोबत: फिसिडेन्स, फिल्मी फर्न / ताजा रंग गडद हिरवा, वास नाही / मादी चकत्या आहेत, कॅप्सूल कच्ची / तारीख / गोळा करणाऱ्याचं नाव

'ताजा रंग' आणि 'वास' हे दोन रकाने लोक गाळतात. वाळल्यावर दोन्ही जातात.

---

सदाहरित

प्लॅस्टिक पिशवीबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. वाळवायचा नमुना कागदातच, प्रश्नच नाही. प्लॅस्टिकमध्ये रात्रभरात बुरशी धरते आणि दोन-तीन दिवसांत टोकं लांबट, फिकट होऊन मूळचा आकार बदलतो. पण प्रत्येक नमुन्याचा नखाएवढा तुकडा छोट्या झाकणाच्या डबीत, ओल्या टिपकागदावर, थंड ठिकाणी ठेवा. तो ऑइल बॉडी पाहण्यासाठी.

ऑइल बॉडी म्हणजे पेशीतले पटलात बंद असलेले तेलाचे थेंब. वनस्पतींत हे फक्त लिव्हरवर्टमध्ये सापडतात, आणि वाळताना नाहीसे होतात. पुन्हा भिजवलं तरी येत नाहीत. म्हणून शक्यतो त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत पाहायचे.

पद्धत: एक पान साध्या पाण्यात मांडा, ४०० पट. ग्लिसरीन किंवा अल्कोहोल नको, तेल विरघळतं किंवा आकार बदलतो. कडेच्या पेशी सोडून पानाच्या मध्यातल्या दहा पेशी निवडा. प्रत्येक पेशीत किती, आकार गोल की लांबट, पृष्ठभाग गुळगुळीत की दाणेदार, रंग काय, हे लिहा आणि फोटो काढा. रॅड्युलात एक ते तीन, मोठे, तपकिरी. मार्केन्शियात प्रत्येक पेशीत शोधू नका, तिथे ते विखुरलेल्या खास पेशींतच, एकेक मोठे असतात. लेज्युनिएसीत ही नोंद नसेल तर अर्ध्या किल्ल्या पुढे सरकत नाहीत.

---

कोकणीपाऊस

वाळवण्याचं सांगा कुणीतरी. सावंतवाडीत जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, नमुने काय वाळणार.

---

बांधावरची_रिक्सिया

पाकिटं उघडी करून वर्तमानपत्रावर एका थरात, पंख्याखाली. कागद दर बारा तासांनी बदला. पत्तीदार लिव्हरवर्ट असे दोन दिवसांत वाळतात. जाड थॅलसला पंखा पुरत नाही. खोक्यात ६० वॅटचा साधा दिवा लावून वर जाळी, जाळीवर पाकिटं; हवा ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उन्हात, ओव्हनमध्ये, इस्त्रीने वाळवू नका. पटकन वाळलेल्याचा रंग तर जातोच, पण थॅलसच्या कडा वळून असा गोळा होतो की पुढे भिजवूनही उलगडत नाही. फुलझाडांसारखं प्रेसमध्ये दाबूही नका. फ्रुलानियाच्या फुगीर टोप्या चपट्या झाल्या तर उरलं काय?

डीएनएसाठी ठेवायचं असेल तर स्वच्छ केलेला तुकडा सिलिका जेलमध्ये, ओल्या वजनाच्या किमान दहापट जेल. खड्यांचा रंग बदलला की जेल लगेच बदला. स्वच्छ करणं महत्त्वाचं, नाहीतर सोबतच्या शेवाळाचा आणि बुरशीचाच डीएनए मिळतो.

कोकणात वाळलेली पाकिटंही पुन्हा ओलावा धरतात. हवाबंद डब्यात, तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी, महिन्यातून एकदा तपासणी.

---

कातळमित्र

जाड थॅलसबद्दल: पत्तीदार लिव्हरवर्ट वाळल्यावर गरम पाण्यात काही मिनिटांत पुन्हा ताजे दिसतात. थॅलसवाल्यांचे आडवे छेद मात्र ताज्यातच घ्यावेत. गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्याला चीर देऊन त्यात थॅलस धरा, नव्या ब्लेडने पंधरा-वीस छेद घ्या, त्यातले सगळ्यांत पातळ तीन मांडा. पाहायचं काय: हवेच्या पोकळ्या एका थरात की अनेक, त्यांत हिरवे तंतू आहेत का, छिद्र साधं की पिंपाच्या आकाराचं (मार्केन्शिया), खालचे रायझॉइड नुसते गुळगुळीत की काही आतून खुंट्या असलेले.

द्रवात ठेवायचं तर एफएए: ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल अॅसेटिक आम्ल ५ मिली, फॉर्मॅलिन ५ मिली. छेदांसाठी उत्तम. हिरवा रंग जातो आणि डीएनएच्या कामाचा राहत नाही.

---

सदाहरित

घरी काम करणाऱ्यांनी फॉर्मॅलिन आणू नये, हे माझं स्पष्ट मत. हवेशीर प्रयोगशाळा, हातमोजे नसतील तर नुसतं ७० टक्के अल्कोहोल पुरे. छेद थोडे आक्रसतात, ओळखीला चालतात.

---

पर्णिका

बांधावर रिक्सियाच्या गोल चकत्याही आहेत. त्या कधी घ्यायच्या? आणि डिसेंबरनंतर काहीच मिळत नाही का?

---

बांधावरची_रिक्सिया

माझा विषय!

रिक्सियाची प्रजाती बीजाणूंशिवाय सांगता येत नाही. म्हणून जुलैतल्या हिरव्यागार, सुंदर चकत्या फोटोपुरत्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरताना थॅलसच्या जुन्या भागात काळे ठिपके दिसू लागतात. ती थॅलसच्या आतच रुतलेली कॅप्सूल. तेव्हा घ्या. देठ नाही, इलेटर नाहीत, थॅलस कुजला की बीजाणू मातीत.

एक काळी कॅप्सूल सुईने काचपट्टीवर फोडा, लॅक्टिक आम्लाचा थेंब, झाकणकाच, हलकी ऊब. बुडबुडे गेले की पाहा. बीजाणूच्या बाहेरच्या गोल बाजूची नक्षी आणि आतल्या तीन उतारांच्या बाजूची नक्षी, दोन्ही वेगवेगळं फोकस करून. किमान वीस बीजाणू मोजा. नेत्रकाचेची मोजपट्टी तुमच्या सूक्ष्मदर्शकावर, त्याच भिंगाला, स्टेज मायक्रोमीटरने (मापाच्या रेघा कोरलेल्या काचपट्टीने) जुळवलेली असली पाहिजे. न जुळवता काढलेला आकडा लिहूच नये. कच्चे बीजाणू पिवळट आणि गुळगुळीत दिसतात, त्यांवरून नाव ठरवलं तर हमखास चुकतं.

कच्च्याच मिळाल्या तर मातीच्या चकतीसकट पारदर्शक डबीत, खिडकीशी पण थेट ऊन नको, पावसाचं पाणी शिंपडून ठेवा. बऱ्याचदा पुढे पक्व होतात. मातीतले चिलटांचे किडे थॅलस पोखरतात, तेवढं लक्ष ठेवा.

थॅलसच्या खाली जांभळे स्केल, मधे खोल खोबण, कडा वाळल्यावर वर वळलेल्या, हे सगळं बीजाणूंच्या जोडीला लिहायचं. रिक्सिया डिस्कलर आपल्याकडे भरपूर, तिचे स्केल जांभळे. पण नुसते जांभळे स्केल पाहून डिस्कलर म्हणू नका.

---

कातळमित्र

डिसेंबरनंतर: ओढ्याकाठचं ड्युमॉर्टिएरा पाणी असेपर्यंत असतं, खोडावरचे फ्रुलानिया वर्षभर असतात, फक्त काळे पडून आक्रसतात. कातळावर प्लॅजिओकॅझ्मा आणि टार्जिओनिया शोधा. उन्हाळ्यात दोन्हींच्या कडा आत वळतात आणि वरून फक्त जांभळट काळे स्केल दिसतात, म्हणून लोक त्यांवरून चालत जातात. पाणी फवारा, काही मिनिटांत उघडतात. फवारणी बरोबर ठेवायला सांगितली ती यासाठीच.

ओळख: प्लॅजिओकॅझ्माचा चकतीचा देठ थॅलसच्या टोकातून नाही तर पाठीच्या मधून उगवतो. टार्जिओनियाला देठच नाही. टोकाच्या खाली दोन झडपांचा काळा चकचकीत शिंपला, त्यात कॅप्सूल. रेबूलिया आणि अॅस्टेरेलाचा देठ टोकाशी. अॅस्टेरेलाच्या चकतीखाली पांढऱ्या पट्ट्यांची झालर लोंबते, रेबूलियाला ती नसते. चकत्या नसतील तर रेबूलिया आणि अॅस्टेरेलात लेबलवर वंशाचंसुद्धा प्रश्नचिन्ह टाकावं.

आणखी एक. हातात आली म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यपांची पश्चिम हिमालयावरची किल्ली सह्याद्रीच्या नमुन्यांना लावू नका. १९२९ आणि १९३२ चं ते काम पायाभूत आहे, पण तिथल्या कित्येक प्रजाती इथे नाहीत आणि इथल्या तिथे नाहीत. किल्ली कुठेतरी नेऊन सोडतेच, नाव मिळतंच, ते चुकीचं असतं. शिवाय तेव्हापासून बरीच नावं बदलली आहेत.

---

घाटवाट

कायमच्या काचपट्ट्यांसाठी ग्लिसरीन जेली: जिलेटिन ८ ग्रॅम, पाणी ४२ मिली, ग्लिसरीन ५० मिली, फिनॉल १ ग्रॅम. जिलेटिन पाण्यात तासभर फुगवा, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा, मग बाकीचं. ढवळताना फेस करू नका, बुडबुडे नंतर निघत नाहीत. फिनॉल त्वचेला भाजतं, चमच्यानेच घ्या. नमुना आधी १० टक्के ग्लिसरीनमध्ये ठेवून पाणी हळूहळू उडू द्या. थेट जेलीत टाकला तर पेशी कोलमडतात.

परवानगीने घेतलेले नमुने घरात साठवून ठेवू नका. एक भाग पुण्यात बॉटनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) किंवा आघारकर संस्थेच्या हर्बेरियमला द्या. लिव्हरवर्टच्या तुलनेसाठी लखनौच्या एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेचा संग्रह मोठा आहे. आधी पत्र पाठवून विचारा, परवानगीची प्रत जोडा.

---

पर्णिका

चौथा नमुना पाहिला. अंजनीचं पान पाण्यात भिजवून चिमट्याने एक फांदी उलटी केली. अंडरलीफ आहेत, दोन अरुंद फाकलेली टोकं. पानाच्या मधे वेगळ्या रंगाच्या तीन-चार मोठ्या पेशी एका रेषेत, मधे अंतर ठेवून. बाकी पेशींत ऑइल बॉडी दिसल्या नाहीत, पण पान तोडून सहा दिवस झाले आहेत.

---

सदाहरित

लेप्टोलेज्युनिया. त्या मोठ्या पेशी म्हणजे ओसेली, त्या बऱ्यापैकी टिकतात. बाकी पेशींतल्या ऑइल बॉडी सहा दिवसांत गेल्या असणार, त्यामुळे 'नाहीत' असं न लिहिता 'पाहता आल्या नाहीत' लिहा. प्रजातीसाठी ओसेली किती, सलग की सुट्या, पानाच्या बुडाशी एखादी वेगळी मोठी आहे का, पानाचं टोक टोकदार की गोल, कड दातेरी का, हे पंधरा पानांवर तपासा. मुख्य फांदीवरची पानं घ्या, कोवळ्या टोकाची नकोत. लोब्यूलचा दात (कडेवरचं टोक) दिसेल असा ४०० पटीतला एक फोटो टाका, फोकस दोन पातळ्यांवर.